लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, २० जून १८६९; मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी यंत्रज्ञ, कारखानदार आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. शेतीची लोखंडी औजारे, विशेषतः लोखंडी नांगर, देशी कारखान्यात बनवून ती दख्खनच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात स्थापन केली.

लक्ष्मणरावांविषयीचे बहुतेक लेखन त्यांच्या उद्योजकतेवर आणि देशाभिमानावर भर देते. ते योग्यच आहे. तथापि त्यांच्या कामाची आणखी एक बाजू तितकीच महत्त्वाची आहे. यंत्र उत्तम असूनही ते हाताळणाऱ्याच्या हाताला, सवयीला आणि जमिनीला जुळले नाही, तर दोष कोणाचा, हा प्रश्न त्यांच्यासमोर सायकलीपासून नांगरापर्यंत पुन्हा पुन्हा आला.

जन्म आणि चित्रकलेचे शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आज कर्नाटक राज्यात आहे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरातील वातावरण विद्येचे असले तरी शाळेतील पाठांतरात लक्ष्मणरावांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि वस्तू उघडून त्यांची आतील रचना पाहणे या दोन गोष्टींची त्यांना ओढ होती. कुटुंबाच्या परंपरेला सोडून त्यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत प्रवेश घेतला. या निर्णयात थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांचा त्यांना आधार होता.

सुमारे दोन वर्षांनी त्यांच्या दृष्टीत रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. काही रंगांतील भेद त्यांना ओळखता येत नसे. रंगचित्रकार होण्याची वाट तेथेच बंद झाली. त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक आरेखनाचा अभ्यास त्यांनी चालू ठेवला. यंत्राच्या आरेखनात रंगाला महत्त्व नसते. माप, आकार, एका भागाचा दुसऱ्या भागाशी असलेला संबंध यांवर सारे अवलंबून असते. पुढील आयुष्यात लक्ष्मणरावांनी जे काही घडविले ते याच गोष्टींच्या बळावर.

त्या काळात रंगांधत्व हा विषय केवळ चित्रकारांपुरता राहिलेला नव्हता. स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे १८७५ साली दोन आगगाड्यांची टक्कर झाली, तेव्हा फ्रिथियोफ होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रंगीत सिग्नल ओळखण्यातील दोष हे अपघाताचे संभाव्य कारण म्हणून मांडले. रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावून रेल्वेनोकरांची दृष्टी तपासण्याची त्याची पद्धत त्यानंतर अनेक देशांत रूढ झाली. माणूस तपासण्याची सोय झाली. केवळ तांबड्या-हिरव्या रंगावर सर्व अर्थ टाकणारी खूण मात्र तशीच राहिली. आजही विजेच्या उपकरणांवरील बारीक दिवे तांबडे की हिरवे, एवढ्यावरच काम चालू आहे की बंद हे सांगत असतात.

यंत्रशाळेतील वर्षे

कलाशाळा सोडल्यानंतर लक्ष्मणरावांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत यांत्रिक आरेखनाच्या साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. ही संस्था १८८७ मध्ये स्थापन झाली होती. वर्गात ते आरेखन शिकवीत आणि मोकळ्या वेळात संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन यंत्रे चालविण्यास शिकत. कागदावरची रेषा आणि लेथवर कापला जाणारा धातू यांतील अंतर त्यांनी तेथे स्वतःच्या हातांनी ओळखले. यंत्रशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

या संस्थेत त्यांना मिळावयाची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. हा अन्याय सहन न होऊन त्यांनी १८९७ च्या सुमारास नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

सायकलीचे दुकान

नोकरीत असतानाच लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकलीवर बसलेला माणूस प्रथम पाहिला आणि या वाहनाने त्यांना वेधले. त्यांनी सायकल मिळविली, ती चालविण्यास ते शिकले आणि रामूअण्णांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचा व्यापार सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत व रामूअण्णा बेळगावात त्या विकीत. किर्लोस्कर समूह आपली स्थापना १८८८ सालची मानतो, ती या व्यवसायापासून. दुकान ज्या रस्त्यावर होते तो आजही बेळगावात किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

या दुकानाचे एक वैशिष्ट्य असे, की तेथे सायकल विकत मिळे आणि ती चालविण्याचे शिक्षणही शुल्क घेऊन दिले जाई. आजच्या वाचकाला हे गमतीचे वाटेल. पण त्या काळची सायकल आजच्यासारखी सोपी नव्हती. पुढचे चाक प्रचंड मोठे असलेल्या जुन्या सायकलींची जागा दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल नुकतीच घेऊ लागली होती. इंग्लंडमध्ये रोव्हर ही या पद्धतीची सायकल १८८५ मध्ये आली. तिच्या पायट्या मागील चाकाशी कायमच्या जोडलेल्या असत; चाक फिरत आहे तोवर पायट्याही फिरणारच. उतारावर पाय थांबविण्याची सोय नव्हती. ब्रेक म्हणजे पुढच्या चाकाच्या टायरवर दाबली जाणारी एक पट्टी. अशा वाहनावर प्रथमच बसणाऱ्या माणसाला शिकविल्याखेरीज ते विकणे म्हणजे त्याचे हात-पाय मोडण्याची व्यवस्था करणे होते. वस्तू विकली की संबंध संपला, अशी दुकानदारी येथे चालण्यासारखी नव्हती. किर्लोस्कर बंधूंना ग्राहकाच्या चुका डोळ्यांसमोर पाहाव्या लागल्या. पुढे औजारांच्या धंद्यात हा अनुभव त्यांच्या कामी आला असावा.

बेळगावात त्यांनी पवनचक्क्या उभारून देण्याचा व्यवसायही केला. तो फार काळ टिकला नाही.

कडबा कापण्याचे यंत्र

लक्ष्मणरावांनी शेतीच्या औजारांकडे वळताना प्रथम कडबा कापण्याचे यंत्र हाती घेतले. ज्वारीचा कडबा अखंड टाकला तर जनावरे पाने व शेंडा खातात आणि जाड बुडखा तुडवून वाया घालवितात. बारीक तुकडे केल्यास बहुतेक सर्व कडबा खाल्ला जातो. विळीवर कडबा कापणे वेळखाऊ आणि कष्टाचे होते.

यंत्राची रचना सोपी आहे. एका मोठ्या जड चाकाला वक्र पाती बसविलेली असतात. एका बाजूने पन्हळीतून कडबा आत सरकवायचा, दातेरी रूळ तो ओढून घेतात आणि हाताने फिरविलेल्या चाकाची पाती त्याचे तुकडे करतात. दुष्काळी भागात वैरणीची बचत ही चैन नव्हती, त्यामुळे या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले आणि लक्ष्मणरावांच्या छोट्या कारखान्याचा पाया घातला गेला.

या जातीच्या यंत्राचा एक दोष मात्र जगभर दीर्घकाळ तसाच राहिला. कडबा सरकविणारा हात आणि तो ओढून घेणारे रूळ यांच्यामध्ये काहीच आड नसते. शिवाय मोकळे सोडलेले चाक लहान मुलेही सहज फिरवू शकतात. भारतातील खेड्यांत या यंत्रांनी अनेकांची, त्यात मुलांचीही, बोटे गेली आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी चाकाला अडकविण्याची खीळ, पात्यांपुढे आड आणि रूळ जवळ आल्याची हाताला जाणीव करून देणारा सूचक रूळ अशा साध्या, स्वस्त सुधारणा सुचविल्या. लक्ष्मणरावांच्या पिढीने यंत्राची उपयुक्तता सिद्ध केली. सुरक्षिततेचा विचार त्या काळी औजाराच्या रचनेचा भाग मानला जात नसे आणि या बाबतीत ते आपल्या काळापुढे होते असे म्हणता येत नाही.

लोखंडी नांगर

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. तो विकणे अतिशय कठीण गेले. लोखंडामुळे जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले सहा नांगर विकण्यास दोन वर्षे लागली, ही हकीकत त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते. शाळेच्या पुस्तकांतून ती अंधश्रद्धेवर विज्ञानाने मिळविलेला विजय म्हणून सांगितली जाते.

ही मांडणी अर्धीच आहे. जवळपास याच स्वरूपाची कथा अमेरिकेत शंभर वर्षे आधी घडली होती. न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तेथील गोऱ्या शेतकऱ्यांनीही लोखंड जमिनीत विष कालवते व तण वाढविते, असे म्हणून तो नाकारला. म्हणजे या समजुतीचा संबंध दख्खनच्या अडाणीपणाशी जोडण्याचे कारण नाही. न्यूबोल्डच्या नांगरात एक खरा दोष होता. तो एकसंध ओतलेला होता. ओतीव लोखंड ठिसूळ असते. दगडाला लागून फाळ मोडला की सबंध नांगर निकामी होई. जेथ्रो वुड याने १८१९ च्या पेटंटात भाग वेगवेगळे करून मोडलेला तेवढाच बदलता येईल अशी रचना केली, तेव्हा ओतीव नांगर अमेरिकेत पसरला. विषाची समजूत कोणी व्याख्याने देऊन दूर केल्याची नोंद नाही. पुढे जॉन डीअरने १८३७ मध्ये गुळगुळीत पोलादी पृष्ठाचा नांगर केला, कारण प्रेअरीतील चिकट माती ओतीव लोखंडाला लगडून बसत असे.

दख्खनच्या शेतकऱ्याजवळही लोखंडी नांगर न घेण्याची चांगली व्यावहारिक कारणे होती. लाकडी नांगर गावचा सुतार बाभळीच्या लाकडाचा करून देई आणि फाळ लोहार शेवटून देई. दोघेही बलुतेदार, त्यांचा मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने दिला जाई, रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला रोख रक्कम हवी होती. तो मोडला तर गावच्या लोहाराच्या भात्यावर ओतीव लोखंड दुरुस्त होत नसे. फाळाचे टोक झिजल्यावर नवे टोक कोठून आणावयाचे, हा प्रश्न पेरणीच्या तोंडावर ज्याच्यापुढे उभा राहील तो नवे औजार घेण्याआधी दहा वेळा विचार करील. जमीन विषारी होते, हे त्याचे उत्तर शास्त्राला धरून नव्हते. त्याची शंका निराधार नव्हती.

लक्ष्मणरावांचे मोठेपण हे, की त्यांनी शेतकऱ्याला नावे ठेवण्यात वेळ दवडला नाही. नांगराच्या टोकाचे लोखंड पुरेसे कठीण व्हावे यासाठी त्यांनी ओतकामाचे प्रयोग केले. तापलेला ओतीव रस साच्यात एका बाजूने झपाट्याने थंड केला तर तेवढा पृष्ठभाग फार कठीण बनतो आणि आतील भाग त्या मानाने चिवट राहतो. झिजणाऱ्या टोकाला हाच गुण आवश्यक असतो. झिजणारे भाग वेगळे करून ते सुटे पुरविणे, हे किर्लोस्कर नांगराच्या यशाचे प्रमुख कारण ठरले.

दोन नांगरांची हाताळणी

या यशाचा अर्थ समजण्यासाठी दोन्ही नांगर शेतकऱ्याच्या हातात कसे वागत हे पाहणे इष्ट ठरेल.

लाकडी नांगराची लांब हाळीस थेट जुवापर्यंत जाते. त्यामुळे बैल, जू आणि नांगर यांचा एक ताठ सांगाडा तयार होतो. मागे उभे रुमणे असते. नांगऱ्या एका हाताने ते धरतो आणि दुसऱ्या हातात आसूड व कासरा सांभाळतो. तासाची खोली मुख्यतः रुमण्यावरील हाताच्या दाबाने सांभाळली जाते आणि मोठा फरक करावयाचा असल्यास हाळीस जुवाला पुढे किंवा मागे बांधतात. फाळ दगडाला लागला, मुळीत अडकला, ओल लागली, हे सर्व रुमण्यातून हाताला कळते. असा नांगर माती चिरतो, पण उलटवीत नाही. हरळी, कुंदा यांसारखी खोल मुळांची तणे त्याने निघत नाहीत आणि काळ्या जमिनीत दरवर्षी अनेक पाळ्या घालाव्या लागतात.

लोखंडी नांगर मातीची पाटी कापून वक्र पंखावरून पालथी घालतो. तणांची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. काम अधिक चांगले होते, परंतु हाताचे कसब येथे निराळे लागते. हा नांगर साखळीने ओढला जातो. खोली आणि तासाची रुंदी साखळीचा आकडा पुढील पट्टीच्या कोणत्या छिद्रात अडकविला आहे आणि पुढचे लहान चाक किती खाली आहे यावर ठरते. जोडणी चुकली असेल तर नांगर एका अंगाला पळतो किंवा जमिनीतून वर येतो. लाकडी नांगराची सवय असलेला शेतकरी अशा वेळी साहजिकच मुठीवर जोर देतो. पण येथील चूक मुठीवर जोर देऊन सुधारत नाही. माणूस थकतो, बैल थकतात, आणि नांगर वाईट असा निष्कर्ष निघतो. जे नियंत्रण पिढ्यान्‌पिढ्या हातात होते, ते नव्या औजारात पुढच्या छिद्रांच्या पट्टीवर गेले होते; औजाराकडे पाहून मात्र हे कळण्याजोगे नव्हते. जोडणीची ही पद्धत शेतात उभे राहून दाखविल्याशिवाय नांगर खपणे शक्य नव्हते. सायकलीच्या दुकानात जे घडले तेच येथे घडले. विक्रीबरोबर प्रात्यक्षिक हा किर्लोस्करांच्या धंद्याचा भाग बनला.

हेच औजार सर्वत्र चालणारे नव्हते. खोपोलीच्या शिळफाट्यावरून बोरघाट चढून गेले, की काही कोसांतच शेतीचे रूप पालटते. घाटाखाली कर्जत-खालापूर भागात भाताची लहान लहान खाचरे, बांधांनी तोडलेली आणि गुडघाभर चिखलाची. तेथे जड नांगर चिखलात रुततो, वळवायला जागा पुरत नाही, आणि एका खाचरातून दुसऱ्यात नेताना तो उचलावा लागतो. हलका लाकडी नांगर खांद्यावर टाकून माणूस बांध ओलांडू शकतो. शिवाय चिखलणीसाठी माती पालथी होण्याची गरज नसते, ती कालवली जावी लागते. त्यामुळे लोखंडी नांगराने देशावरची काळी जमीन जिंकली तरी कोकणपट्टीतील भातशेतीत लाकडी नांगर अनेक दशके टिकून राहिला. याला मागासलेपणा म्हणण्यात अर्थ नाही.

किर्लोस्करवाडी

बेळगावातील कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तारयोजनेत गेल्यामुळे लक्ष्मणरावांना ती सोडावी लागली. ऐन भरात येत असलेला धंदा बेघर झाला. या वेळी औंध संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला आले. औंध येथे लक्ष्मणराव एका सभागृहाचे बांधकाम करीत होते आणि त्यातून दोघांचा परिचय झाला होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. चित्रकला सोडावी लागलेल्या या यंत्रज्ञाविषयी त्यांना आपुलकी वाटली असल्यास नवल नाही. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची जागा दिली आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले.

तेथे १० मार्च १९१० रोजी नव्या वसाहतीचा आरंभ झाला. जागा म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला ओसाड माळ होता. निवडुंग तोडून कारखाना आणि कामगारांची घरे उभी राहिली. पुढे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी असे झाले. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. जमशेदपूरच्या पाठोपाठ उभ्या राहिलेल्या देशातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते.

वसाहतीत अस्पृश्यता पाळली जात नसे. लक्ष्मणरावांनी निवडलेली माणसे पदव्यांच्या कसोटीवर उतरणारी नव्हती. यंत्रविभाग सांभाळणारे शंभूराव जांभेकर, हिशेब पाहणारे मंगेशराव रेगे, पडेल ते काम करणारे के. के. कुलकर्णी ही माणसे कामातून घडली. दरोडेखोरीचा इतिहास असलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीचे रखवालदार नेमले आणि तो विश्वास अनाठायी ठरला नाही.

इतर उत्पादने

नांगर आणि कडबायंत्रांच्या बरोबरीने ऊस गाळण्याचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप, पाणी उपसण्याचे पंप आणि लोखंडी फर्निचर असा माल किर्लोस्करवाडीत तयार होऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी माल बंद झाल्याने देशी औजारांची मागणी वाढली, पण लोखंड व कोळसा यांची टंचाईही सोसावी लागली. किर्लोस्कर ब्रदर्स ही १९२० मध्ये मर्यादित कंपनी झाली.

त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती आणि ग्राहकांशी संपर्क हा त्याचा आरंभीचा हेतू होता. पुढे त्यातूनच किर्लोस्कर हे मराठीतील एक प्रभावी मासिक उभे राहिले. त्याच परिवारात १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिके निघाली. एका नांगराच्या कारखान्यातून मराठी वाङ्मयाला तीन मासिके मिळावीत, हा योग अन्यत्र आढळत नाही.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे यंत्रविद्येचे शिक्षण घेतले. त्यांच्या पिढीने कारखान्याचा विस्तार यंत्रसामग्री, विजेच्या मोटारी आणि डिझेल इंजिने यांत केला. हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्कर १९४१ मध्ये, तर पुण्यातील किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरची किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या १९४६ मध्ये स्थापन झाल्या.

औजाररचनेच्या इतिहासातील स्थान

यंत्र आणि माणूस यांच्या जुळणीचे शास्त्र लक्ष्मणरावांच्या उमेदीच्या काळात अस्तित्वात नव्हते. मोटारीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. किर्लोस्करवाडी वसत असताना अमेरिकेत फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी लाखांच्या संख्येकडे वाटचाल करीत होती. तिला पायाशी तीन दांडे होते. डावा गिअर बदलण्यासाठी, मधला गाडी मागे नेण्यासाठी आणि उजवा ब्रेकचा. वेग वाढविण्याचा दांडा पायाशी नव्हताच, तो सुकाणूच्या चाकाखाली हाताशी होता. आजचा वाहनचालक त्या गाडीत बसला आणि संकटाच्या क्षणी त्याने सवयीने मधला दांडा दाबला, तर गाडी उलटी जाऊ पाहील. पायांची आजची मांडणी रूढ होण्यास आणखी काही वर्षे गेली आणि तोवर प्रत्येक कंपनीची गाडी नव्याने शिकावी लागत असे.

चूक माणसाची की रचनेची, या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास दुसऱ्या महायुद्धात झाला. अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानात पंखांच्या झडपांची आणि चाकांची कळ शेजारी-शेजारी व दिसायला सारखी होती. जमिनीवर उतरल्यावर झडपा मिटण्याऐवजी वैमानिक चाकेच मिटून घेत आणि विमान पोटावर आदळे. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना दोष न देता कळींच्या टोकांना वेगळे आकार देण्याचा उपाय सुचविला, चाकांच्या कळीला चाकाचा व झडपांच्या कळीला पाचरीचा. न पाहता केवळ स्पर्शाने ओळख पटू लागली. ज्ञानेंद्रियांपैकी रंग ओळखणारी दृष्टी उणी असलेल्या लक्ष्मणरावांना हा उपाय लगेच पटला असता, असे मानण्यास हरकत नाही. या अभ्यासाला ब्रिटनमध्ये १९४९ पासून एर्गोनॉमिक्स हे नाव रूढ झाले. मोटारींतील हाताला सापडणाऱ्या कळी काढून सर्व काही काचेच्या पडद्यावर नेण्याची अलीकडची प्रथा पाहता हा धडा पूर्ण गिरवला गेला आहे, असे म्हणवत नाही.

लक्ष्मणरावांनी यासंबंधी काही सिद्धान्त मांडला नाही. मूलभूत शोधही त्यांच्या नावावर नाही. त्यांची बहुतेक यंत्रे परदेशात आधीपासून होती. ती येथील बैलांच्या ताकदीला, येथील जमिनीला आणि कर्ज काढून औजार घेणाऱ्या माणसाच्या गरजेला जुळवून घेणे, हे काम त्यांनी केले. त्यांना केवळ अनुकरण करणारा कारखानदार ठरविणारी टीका या कामाचे मोल ओळखत नाही.

उत्तरायुष्य

महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचीही मोठी हानी झाली. त्या वेळी लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभराचे काम जळताना पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. कारखाना पुन्हा उभा करण्यात आला.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. शंकरराव किर्लोस्कर यांनी लिहिलेले यांत्रिकाची यात्रा हे त्यांचे चरित्र प्रसिद्ध आहे. जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने २० जून १९६९ रोजी त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. पुणे-मिरज लोहमार्गावरील किर्लोस्करवाडी स्थानक आणि त्यालगतचा पंपांचा कारखाना आजही चालू आहेत.